आंब्याच्या घराण्याचा वास

चैत्र सरत आला की आमच्या उरणजवळच्या जासईच्या घरामागच्या रायवळ आंब्याखाली सकाळी दोन-चार तरी कैऱ्या पडलेल्या सापडतात. रात्रीच्या वाऱ्याने पाडलेली एखादी कैरी उचलायची आणि देठ अंगठ्याने मोडायचा. टच्च असा बारीक आवाज होतो आणि चिकाची चिळकांडी उडते. त्या क्षणी नाकात जो वास शिरतो, तो मला लहानपणापासून कोड्यात टाकत आला आहे. त्यात कैरी तर असतेच, पण रंगाऱ्याच्या डब्यातलं टर्पेंटाइन असतं, चुरडलेल्या तुळशीच्या पानाची झाक असते आणि दूर कुठेतरी देवदाराची फळीही असते. एवढ्याशा थेंबात हे सगळं कुठून येतं?

या कोड्याचं उत्तर शोधायला मला एका परदेशी मसाल्याने लावलं. दुबईला नोकरी करणाऱ्या पुतण्याने सुट्टीवर येताना एक पुडी आणली होती. आत जांभळट लाल, किंचित ओलसर, जाडसर भुकटी होती. तिला तिकडे सुमाक म्हणतात. पश्चिम आशियात आणि भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरड्या डोंगरउतारांवर ऱ्हस कोरिआरिया नावाचं झुडूप रानोमाळ वाढतं. त्याला मसुराच्या दाण्याएवढी, लालसर, बारीक लव असलेली फळं घोसाने लागतात. ती वाळवून कुटली की सुमाक तयार होतो. बाजारात येणाऱ्या भुकटीत बहुधा मीठही घातलेलं असतं. इराणात चेलो कबाबवर ती भुरभुरतात, तुर्कस्तानात कच्च्या कांद्यावर टाकतात, लेबनॉन आणि सीरियाकडे झातर नावाच्या मसाल्यात घालतात. युरोपात लिंबू सर्रास मिळू लागलं त्याच्या कितीतरी आधीपासून रोमन स्वयंपाकी आंबटपणासाठी सुमाक वापरत. सुमाक या नावाच्या मुळाशी जुन्या सेमिटिक भाषांमधला ‘लाल’ या अर्थाचा शब्द आहे.

चिमूटभर सुमाक जिभेवर ठेवला. आधी मीठ लागलं, मग आंबट, मग तुरट. मग मी स्वयंपाकघरातून आंबोशीचा एक तुकडा आणला आणि दोन्ही एका ताटलीत शेजारी शेजारी ठेवले. वाळवलेली, मीठ लावलेली, आंबट, किंचित तुरट. एक भूमध्य समुद्राकाठची, एक उरणच्या खाडीकाठची. दोघींचं काम एकच: लिंबू हाताशी नसताना जेवणाला आंबटपणा देणं. हा योगायोग वाटला, तो नव्हता. सुमाक आणि आंबा एकाच घराण्यातले आहेत. वनस्पतिशास्त्रात या कुलाचं नाव अनाकार्डिएसी. मराठी ग्रंथांत त्याला आम्रकुल म्हणतात. सुमारे ८० प्रजाती आणि ८०० हून अधिक जाती असलेलं हे घराणं बहुतेक उष्ण प्रदेशांत पसरलेलं आहे.

या घराण्याशी आपली ओळख किती जवळची आहे हे पाहायचं तर आम्रखंडाची वाटी समोर घ्यावी. त्यातला आंबा या कुलातला. वरची चारोळी या कुलातली. पिस्त्याचे काप या कुलातले. कोणी काजू घातला असेल तर तोही याच कुलातला. चक्का, साखर आणि वेलदोडा सोडले तर वाटीतलं जवळजवळ सगळं सुमाकच्या नात्यातलं निघतं.

या कुलाची खूण म्हणजे राळ. खोड, पान, फळाची साल, जिथे पाहाल तिथे बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यांत चिकट, वासाचा द्रव भरलेला असतो. कैरीचा देठ मोडल्यावर उडतो तो चीक याच नळ्यांतला. आता टर्पेंटाइनच्या वासाचं. आज टर्पेंटाइन चीड-पाइनच्या राळेतून काढतात, पण मूळ टर्पेंटाइन मिळत असे ते टेरेबिंथ नावाच्या झाडापासून, आणि टेरेबिंथ हे पिस्त्याचं सख्खं भावंड आहे. म्हणजे पुन्हा आम्रकुलच. या टर्पेंटाइनवरूनच १९ व्या शतकात रसायनशास्त्रात टर्पीन हा शब्द आला. तो रूढ करण्याचं श्रेय जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट केकुले यांना देतात. आज सुगंधी तेलांबद्दल कुठलंही पुस्तक उघडा, पानोपानी टर्पीन भेटतात. संत्र्याच्या सालीत टर्पीन, निलगिरीत टर्पीन, मिऱ्यात टर्पीन. या साऱ्या गोताचं नाव शेवटी आंब्याच्या एका नातलगावरून पडलेलं आहे. कैरीच्या चिकात मला रंगाऱ्याचा डबा आठवत होता, तो काही चुकीचा आठवत नव्हता.

टर्पीन म्हणजे काय हे समजायला फार रसायनशास्त्र लागत नाही. पाच कार्बन अणूंची एक वीट कल्पावी. दोन विटा जोडल्या की दहा कार्बनांचा रेणू होतो, तो हलका, झटकन उडणारा, नाकाला पहिला जाणवणारा. तीन विटांचा पंधरा कार्बनांचा रेणू जरा जड, रेंगाळणारा. चार विटांचा आणखी जड. विटा त्याच, पण त्या सरळ जोडल्या, वळवून कडं केलं, कड्यात कडं अडकवलं, की वास बदलतो. पाइनच्या झाडावरून नाव पडलेलं पायनीन, लिंबावरून लिमोनीन, लवंगेच्या जुन्या शास्त्रीय नावावरून कॅरिओफायलीन, हे सगळे अशाच जोडणीतून झालेले. पूर्वी प्रत्येक झाडाच्या तेलातल्या द्रव्याला वेगळं नाव देत असत. ओटो वालाख या जर्मन शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं ही तेलं तपासली आणि वेगवेगळ्या नावांनी ओळखली जाणारी कितीतरी द्रव्यं मुळात एकच आहेत हे दाखवलं. त्याला १९१० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वेगवेगळ्या झाडांत तेच ते रेणू, फक्त प्रमाण निराळं: सुगंधाच्या शास्त्रातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे, आणि इथून पुढे ती विसरून चालणार नाही.

सुमाकच्या फळातला वास कसा काढतात? कुटलेली फळं पाण्यात घालून उकळतात. वाफ वर जाताना तेलाचे रेणू बरोबर घेऊन जाते. ती वाफ थंड केली की पाणी खाली राहतं आणि तेलाचा पातळ तवंग वर तरंगतो. प्रयोगशाळेत यासाठी काचेचं जे उपकरण वापरतात त्याला क्लेव्हेंजरचं उपकरण म्हणतात. त्याची रचना १९२८ सालची आहे. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगेत आणि भपक्यात करतात ते तत्त्वतः हेच. सुमाकच्या फळात हे तेल फारच थोडं असतं. सुमाकची कीर्ती आंबटपणाची आहे, सुगंधाची नाही. पण तवंग गोळा करून त्यातले घटक एकेक वेगळे केले की मोठी मंडळी बाहेर येतात.

१९९३ साली या तेलाची तपासणी छापून आली. त्यात पायनीन, कॅरिओफायलीन आणि सेंब्रीन ही टर्पिनं ठळक दिसली. सेंब्रीन चार विटांचं, म्हणजे जड, फारसं न उडणारं. त्याच वर्षी तुर्कस्तानातल्या सुमाकवर झालेल्या दुसऱ्या कामात फळाच्या तेलात लिमोनीन, नोनॅनल आणि डेसिनल पुढे आले. यातली शेवटची दोन टर्पिनं नव्हेत. ती स्निग्ध पदार्थांच्या मोडीतून तयार होणारी अल्डिहाइडं. नोनॅनलला संत्र्याची साल आणि मेण यांच्या मधला वास असतो. डेसिनलच्या जातीची संयुगं तर आपल्या रोजच्या ओळखीची: कोथिंबिरीच्या पानाचा वास मुख्यतः अशाच अल्डिहाइडांचा. मी कोमट पाण्याच्या वाटीत चमचाभर सुमाक टाकून वर बशी झाकली आणि पाच मिनिटांनी बशी बाजूला करून वास घेतला. आधी लाकडी, मिऱ्यासारखा वास आला, मग फळाचा, आणि अगदी शेवटी कोथिंबिरीच्या देठासारखा हिरवट. मिऱ्यासारखं वाटलं त्याचंही कारण आहे; कॅरिओफायलीन मिऱ्यात भरपूर असतं. हा प्रयोग कोणालाही घरी करता येईल. नुसती पुडी हुंगून हे कळत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सुगंधाबद्दल बोलताना माणसं हमखास तिथेच फसतात. तेलात जे सर्वांत जास्त, त्याचाच वास सर्वांत जास्त, असं नसतं. प्रत्येक रेणूचा एक उंबरठा असतो. हवेत किंवा पाण्यात त्याचं प्रमाण तेवढं झालं की नाकाला तो कळतो. काहींचा उंबरठा उंच, काहींचा इतका ठेंगणा की अब्ज भागांत काही भाग पुरतात. म्हणून टक्केवारीची यादी पाहून वासाची कल्पना करणं म्हणजे गावची मतदारयादी वाचून गावातलं भांडण समजून घेण्यासारखं आहे. यादीत नावं सगळी असतात, पण आवाज कोणाचा चढतो ते तिथे कळत नाही.

आता आपल्या कैरीकडे येऊ. सुमाकवर तुर्कस्तानात आणि युरोपात जसं काम झालं, तसं कैरीवर कुठे झालं असेल हे शोधताना मला जे सापडलं त्याचा फार आनंद झाला. ते काम झालं ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात. जासईहून खाडीपलीकडे सरळ रेषेत मोजलं तर पंधरा किलोमीटरही होत नाहीत. आपण ज्या केंद्राला अणुभट्टीमुळे ओळखतो, तिथे अन्नावर संशोधन करणारा विभागही आहे. तिथल्या घोलप आणि बंदोपाध्याय या संशोधकांनी १९७७ साली कच्च्या आंब्याच्या ‘हिरव्या’ वासाचा शोध घेतला. त्यांना हापूसच्या कैरीत ओसिमीन नावाचं टर्पीन ठळक सापडलं आणि बाटली नावाच्या जातीच्या कैरीत मिरसीन. दोन्ही दोन विटांची, हलकी, झटकन उडणारी. म्हणजे आपण सरसकट ‘कैरीचा वास’ म्हणतो, तो मुळात एक नव्हेच. जातीगणिक त्याचा नायक बदलतो.

ओसिमीन या नावाकडे पाहा. तुळस आणि सब्जा ज्या प्रजातीत मोडतात तिचं शास्त्रीय नाव ओसिमम, आणि या रेणूचं नाव त्यावरूनच पडलेलं आहे. देठ मोडल्यावर मला चुरडलेल्या तुळशीचा भास होत असे, त्याचा खुलासा असा मिळाला. नाक खोटं बोलत नव्हतं, त्याला फक्त नाव ठाऊक नव्हतं.

त्याच दोघांनी १९८४ साली आणखी एक देखणं काम केलं. आंबेहळद आपल्याला माहीत आहे: मुका मार लागला की उगाळून लावतात, तिचं लोणचंही घालतात. तिचा आणि आंब्याचा काडीचाही संबंध नाही. ती हळदीच्या कुलातली. पण तिचा कंद कापला की थेट कैरीचा वास येतो. का? तपासलं तर आंबेहळदीतही ओसिमीन आणि कॅरीन निघाले, कैरीत असतात तेच. वालाखचा धडा पुन्हा समोर येतो: झाड निराळं, कुल निराळं, रेणू तेच. आपल्या पूर्वजांनी तिला आंबेहळद म्हटलं तेव्हा त्यांच्याकडे काचेचं एकही उपकरण नव्हतं, आणि तरीही नाव अचूक पडलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पिकल्यावर काय होतं? हे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालं. विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हापूसच्या फळाचा कोवळेपणापासून पूर्ण पिकेपर्यंत माग काढला. २००९ पासून त्यांचे लेख येत राहिले. कच्च्या फळात टर्पिनांचं राज्य असतं. फळ पिकायला लागलं की नवी पाहुणी मंडळी येतात, जी आधी नव्हतीच: लॅक्टोन आणि फ्युरॅनोन. लॅक्टोनांचा वास खोबऱ्याचा, सायीचा, पीचचा. फ्युरॅनोनांमधला फ्युरॅनिऑल अननसात आणि स्ट्रॉबेरीतही असतो. त्याचा वास पाकासारखा, साखर जरा जास्त आटवल्यासारखा. प्रमाण नगण्य, पण उंबरठा ठेंगणा, म्हणून तो बोलतो. हा फ्युरॅनिऑल घडवणाऱ्या विकराचा जनुकही याच गटाने हापूसमधून शोधून काढला. आढीतल्या हापूसच्या पेटीचं झाकण उघडल्यावर खोलीभर पसरतं ते हे मिश्रण: खाली टर्पिनांची हिरवी बैठक, वर साय आणि पाक. नुसता पाक असता तर हापूस हापूस राहिला नसता; त्याची ओळख त्या खालच्या हिरव्या कडवटपणात आहे.

झाड ही एवढी यातायात का करतं? कच्च्या फळातलं बी तयार झालेलं नसतं, तेव्हा फळ कोणी खाल्लं तर झाडाचं नुकसान. म्हणून तेव्हा टर्पिनं आणि आंबटपणा: किडीला, बुरशीला आणि हावऱ्या तोंडाला थोपवणारे. बी तयार झालं की मात्र कोणीतरी फळ घेऊन दूर जायला हवं. मग गोडवा आणि लॅक्टोन. पिकल्या आंब्यावर रात्री वटवाघळं येतात ती अंधारात या वासाच्या मागावर. सुमाकचा पाहुणा पक्षी आहे. त्याच्यासाठी वासापेक्षा लाल रंग कामाचा. त्यामुळे सुमाकने रंगावर खर्च केला आणि आंब्याने सुगंधावर. घराणं एक, पण गिऱ्हाईक वेगळं.

या घराण्याची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. जी राळ वास देते, तिच्यातच त्वचेला भाजणारी द्रव्यं असतात. ती तेलासारखी, न उडणारी, अंगाला चिकटून बसणारी. आंब्याचा चीक लागून ओठाच्या कडेला फोड येतात, त्याला आपण ‘तोंड उतलं’ म्हणतो. बिब्ब्याचं तेल लागलं तर माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळू शकतो. ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार असल्या अनुभवाशिवाय आला नसता. काजूच्या टरफलातलं तेलही तसंच. जपानमध्ये ज्या चिकापासून लाखेची भांडी रंगवतात, त्या उरुशीचं झाड याच कुलातलं, आणि त्यावरूनच या दाहक द्रव्यांच्या गटाला उरुशिऑल नाव पडलं. आमची आजी पिकला आंबा आधी पाण्यात भिजत घालायची आणि देठ काढून पहिला थेंब पिळून टाकायची. तिला विचारलं तर ‘उष्णता निघते’ म्हणायची. निघत होता तो चीक. बागायतदारही याच कारणाने फळ देठासकट उतरवतात. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यासाठीच नूतन झेला तयार केला: बांबूला लावलेलं पातं देठ कापतं आणि फळ जाळीत अलगद पडतं. ज्यांना काजू किंवा पिस्ता खाऊन अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, त्यांनी सुमाकपासूनही जपून राहावं. नातं इथेही निघतं.

जासईच्या आसपास या कुलातली झाडं अजून भेटतात. शेमट, ज्याला काही ठिकाणी मोई म्हणतात, त्याच्या फांद्या कुंपणाला रोवल्या की पावसाळ्यात फुटतात. बेलापूर-उरण रेल्वेमार्गावर आपल्याजवळच शेमटीखार नावाचं स्टेशन आहे. गाडीतली घोषणा ऐकली की मला हटकून हे झाड आठवतं. डोंगराच्या बाजूला आंबाडा भेटतो. त्याची अंबाडीच्या भाजीशी गल्लत करू नये. अंबाडी भेंडीच्या कुलातली, आंबाडा आंब्याच्या. श्रावण-भाद्रपदात आंबाड्याची कच्ची फळं बाजारात येतात, लोणचं होतं, आणि गोव्याकडे त्यांची उडदामेथी आणि सासव होतं. फळ हातात चुरडून वास घ्या: कैरीच, पण आणखी रानटी, आणखी राळेची. काजूची बोंडं वैशाखात. त्यांचा वास एस्टर नावाच्या फळकट संयुगांचा, आणि गोव्याच्या फेणीत तो उतरतो. बाळाच्या गुटीत उगाळतात ती काकडशिंगी तर फळही नाही, शेंगही नाही. पिस्त्याच्या हिमालयातल्या नातलगाच्या पानावर मावा किडीने केलेली ती गाठ आहे. फोडून हुंगलं की तोच टर्पेंटाइनचा वास.

खुद्द सुमाकही भारताला परका नाही. मणिपुरात त्याच्या एका जातीची आंबट फळं खातात, तिथे त्याला हेइमांग म्हणतात. नेपाळी भाषेत तो भकिमलो. दख्खनच्या कोरड्या माळांवर म्हैसूर सुमाक नावाचं काटेरी झुडूप वाढतं. पण कोकणात सुमाकची जागा रिकामी नव्हतीच. ती आंबोशीने कधीच घेतलेली आहे.

आंबोशीचं काम आमच्याकडे वैशाखात चाले. पडीच्या कैऱ्या, म्हणजे ज्यांना बाजारात भाव नाही अशा, धुऊन सालं काढायची, कोयीपासून फोडी सोडवायच्या, मीठ चोळायचं आणि खळ्यावर चादरीवर पसरायच्या. मीठ इथलंच, मिठागरातलं, जाडं. पहिल्या दिवशी फोडीतून पाणी सुटतं आणि सगळं खळं कैरीचं होऊन जातं. आता कळतं की तो घमघमाट म्हणजे आंबोशीचा तोटाच होता: दोन विटांचं ओसिमीन उन्हाने उडून चाललेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास मंदावतो, फोड चामड्यासारखी होते, रंग तपकिरी. हलकं ते गेलेलं असतं. मागे उरतं ते आम्ल, मुख्यतः लिंबातलं सायट्रिक, आणि थोडा तुरटपणा. सुमाकमध्ये सफरचंदातलं मॅलिक आम्ल पुढे असतं; दोघींच्या आंबटपणातला बारीक फरक तिथे आहे. सुक्या बोंबलाच्या किंवा जवळ्याच्या कालवणात आंबोशी सुरुवातीलाच घालतात, कारण आम्ल उकळून कुठे जात नाही. ताज्या कैरीचं मात्र उलट. तिचा वास हवा असेल तर फोडी शेवटी घालाव्यात, एक उकळी आली की गॅस बंद करून झाकण ठेवावं. झाकणाच्या आत जमलेले थेंब परत कालवणात पाडावेत. त्या थेंबांत ओसिमीन असतं. झाकण हेच आपलं क्लेव्हेंजरचं उपकरण.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगतो. रायवळ आंबा कोयीपासून उगवतो, आणि कोयीपासून उगवलेलं प्रत्येक झाड आईपेक्षा निराळं असतं. हापूसची लाखो झाडं म्हणजे कलमांनी वाढवलेलं एकच झाड. रायवळीची शंभर झाडं म्हणजे शंभर वेगळे वास. ट्रॉम्बेच्या कामाने दोन जातींतला फरक दाखवला. आपल्या बांधाबांधावर असे फरक उभे होते, प्रत्येकाला घरच्यांनी दिलेलं नाव होतं: शेपा, खोबऱ्या, गोटी. शेपा म्हणजे ज्याला शेपूच्या भाजीचा वास येतो तो. ‘खोबऱ्या’ म्हणणाऱ्याला लॅक्टोन ठाऊक नव्हतं, पण त्याने ते ओळखलं होतं.

जासई म्हटलं की महाराष्ट्राला दि. बा. पाटील आठवतात, १९८४ च्या जानेवारीतला जमिनीचा लढा आठवतो, इथलं हुतात्मा स्मारक आठवतं. त्यानंतर बंदर आलं, कंटेनर यार्ड आले, रस्ते रुंद झाले, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू शेजारच्या चिर्ल्यापर्यंत येऊन पोहोचला. भाताची खाचरं गेली, त्यांच्या बांधावरचे आंबेही गेले. त्या प्रत्येक झाडाबरोबर एक मिश्रण गेलं, जे दुसरीकडे कुठेही नव्हतं आणि जे आता कोणत्याही यंत्राला मोजता येणार नाही. मला हे नुकसान खरोखर मोठं वाटतं.

जे उरलंय ते राखणं अवघड नाही. जूनमध्ये कोयी रुजत घालाव्यात. दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस पानांचं रोप झालं की ज्या रायवळीचा वास तुम्हाला प्रिय आहे तिची तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेली काडी आणून कोय कलम करावं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावं. काडीची पानं आठ-दहा दिवस आधीच खुडून ठेवली तर डोळा चांगला फुगतो. हे काम जवळच्या कुठल्याही रोपवाटिकेतला माळी करून देतो. तुमच्या परसात, बांधावर, शाळेच्या मागे असं एखादं जुनं झाड असेल आणि तिथून रस्ता जाणार असं कानावर आलं असेल, तर यंदाच्या पावसाळ्यात काडी घ्या. झाड पडल्यावर काडी मिळत नाही.